डावीकडे फिरलेला फेर

वसईतल्या गिरीजच्या आमच्या आळीत लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात बायका फेर धरतात. वाद्य नसतं. एकजण ओळ टाकते, बाकीच्या ती उचलतात आणि गोल उजवीकडे सरकतो. उजवा पाय बाजूला, डावा त्याच्याजवळ, मग वाकून टाळी. तोंडं सगळ्यांची आत, पाहुण्यांकडे पाठ. ओळ टाकण्याचं काम गेली पस्तीस वर्षं मार्थामावशींचं.

मावशींचं वय त्र्याहत्तर. नवरा गेल्यावर केळीची वाडी त्यांनी एकटीनं सांभाळली. मुलगा लेस्टर शाळेत माझा विद्यार्थी होता, आता मेलबर्नला असतो. दोन वर्षांपूर्वी मावशींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि नाचणं थांबलं. तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "माझ्यामागं फेलिशिया गाणी म्हणेल, सर. पण फेलिशियाच्या मागं कोण? तिच्या पोरी फेरात येत नाहीत. बाजूला उभ्या राहून शूटिंग करतात."

फेलिशिया त्यांची शेजारीण. आवाज खडा, मतं त्याहून खडी.

मग लेस्टरच्या मुलीचं, टिफनीचं लग्न ठरलं. लग्न गिरीजलाच करायचं आणि मैत्रिणींसह आपण फेरात नाचायचं, हे तिनंच ठरवलं. मैत्रिणी सहा. दोघी वसईच्याच घरांतल्या पण तिकडे वाढलेल्या, एक पंजाबी, एक ग्रीक, दोघी ऑस्ट्रेलियन. वर्षभर दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मावशी ओटीवर खुर्ची टाकून बसत, समोर लोणच्याच्या बरणीला फोन टेकवत आणि गात. पाय उचलता येत नसत, म्हणून पावलं हातांनी दाखवत. तिकडे टिफनीच्या लहानशा खोलीत मुली एका ओळीत उभ्या राहून शिकत. मावशी एकेकीला नावानं ओरडत. ग्रीक मुलीचं नाव त्यांना जमेना, म्हणून तिला त्या 'उंच बाय' म्हणत. तीही त्या नावाला ओ देई.

जानेवारीत सगळ्या आल्या. मांडवाच्या दिवशी दुपारी चारला लाल लुगडी नेसून फेरात उभ्या राहिल्या. एक आळीतली बाई, एक मेलबर्नची मुलगी, असा गोल. मधोमध खुर्चीत मावशी. त्यांनी ओळ टाकली, आणि पहिल्याच पावलाला सगळ्या एकमेकींवर आदळल्या. आळीतल्या बायका उजवीकडे निघाल्या होत्या, मुली डावीकडे.

"डाव्या पायानं?" फेलिशिया म्हणाली. "लग्नाच्या मांडवात?"

"आजीनं असंच शिकवलं," टिफनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

मावशींनी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि क्षणभर त्या हातांकडेच पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं. फोनसमोर त्या उजवा हात उचलत, तेव्हा समोरच्या मुली आरशासारखा डावा पाय उचलत. फोनवर सगळं एका बाजूला जाताना दिसे, म्हणून बरोबर वाटे. आणि खोलीत गोल करायला जागाच नव्हती.

"चूक माझी," त्या म्हणाल्या.

फेलिशियानं तोडगा काढला. "पोरींना उद्या हॉलमध्ये स्टेजवर नाचू दे की. वेगळा आयटम. लोक टाळ्या वाजवतील."

"स्टेजवर नाचल्या तर लोक बघतील, फेलिशिया. फेर बघायला नाही, धरायला असतो. आजचा फेर डावीकडे जाईल."

"आणि आम्ही?"

"तुम्ही चाळीस वर्षं बरोबर नाचलात. आज एक दिवस चुका. त्यांना आता दुसरं येणार नाही."

"मावशी, पाय ऐकणार नाहीत हो."

"उंच बायचा हात धर. ती नेईल तुला."

फेर डावीकडे गेला. आळीतल्या बायका अडखळत होत्या, हसत होत्या. उंच बाय फेलिशियाचं मनगट घट्ट धरून तिला ओढत होती आणि फेलिशिया प्रत्येक टाळीला एक पाऊल मागं पडत होती. मावशींनी अकराच्या अकरा कडवी गायली. शेवटच्या दोन कडव्यांना फेलिशियाची धाकटी मुलगी फोन एका रिकाम्या खुर्चीवर ठेवून आत घुसली. डावं-उजवं तिला काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिला अवघड गेलं नाही.

मे महिन्यात शेजारच्या वाडीत लग्न होतं. तिथं दोघी-तिघी बायका सवयीनं डावीकडे निघाल्या. "आज उजवीकडे!" फेलिशिया ओरडली. "आज मेलबर्न नाही!"

रविवारचा वर्ग अजून चालू आहे. तिकडे आता नऊजणी आहेत, आणि त्यांनी गोल करता यावा म्हणून चर्चचा हॉल मागून घेतलाय. मावशी हल्ली फोनकडे पाठ करून बसतात, म्हणजे त्यांचा उजवा हात तो मुलींचाही उजवा. मुलींना त्यांचा अंबाडा आणि दोन हात तेवढे दिसतात. मावशींना मात्र मुली दिसत नाहीत. म्हणून बरणीसमोर फेलिशिया बसते, कोण चुकलं ते पाहते आणि मोठ्यानं सांगते.

"उंच बाय, परत डावा!"