सही नसलेली दहा मतं

पत्रकारितेच्या मॅडमनी आम्हाला प्रकल्प दिला होता. शहरात लागलेला एखादा सिनेमा पाहायचा, बाहेर पडणाऱ्या दहा जणांची मतं घ्यायची आणि प्रत्येक मताखाली नाव, गाव, मोबाईल नंबर आणि सही घ्यायची. वर्ध्याला तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीच्या काळातल्या एका गुंडाचा सिनेमा लागला होता. लांब कॉलरचे शर्ट, तबकडीचे काळे फोन, आणि शेवटी पोलिसांना चुकवून एसटीतून पळून जाणारा नायक. शनिवारी बाराच्या खेळाला मी आणि माझी रूममेट गेलो.

मला स्वतःला सिनेमा कसा वाटला हे मी अजून नीट सांगू शकत नाही. पाहताना आवडला. जिना उतरताना वाटलं, आपल्याला काहीतरी गुंडाळून दिलं.

माझ्या पुढे एक नवरा-बायको उतरत होते. अल्लीपूरचे, हे मला नंतर कळलं. बायको नवऱ्याला त्या गुंडाच्या बायकोबद्दल काहीतरी तावातावाने समजावत होती. मी पुढे झाले, ओळख सांगितली आणि फॉर्म काढला. त्याबरोबर ती गप्प झाली. नवऱ्याने फॉर्म उलटा करून मागची बाजू पाहिली.

"कोन्या पार्टीच्या तुम्ही?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं.

"मंग मोबाईल नंबर कायले पाह्यजे? ओटीपी येते का त्याच्यावर?"

मी नंबर राहू द्या म्हटलं, फक्त मत सांगा. बायकोने पदर सारखा केला आणि शाळेत उभं राहून सांगावं तसं सांगितलं, "पिक्चर चांगला होता."

पुढच्या अर्ध्या तासात प्रत्येकाने हेच वाक्य सांगितलं. एका मुलाने हसत नंबर दिला, तो नऊच आकडी होता. पांढऱ्या शर्टातल्या एका म्हाताऱ्या माणसाने माझ्याकडे न बघता कागदाकडे बघितलं. "सही नाई करत मी," ते म्हणाले. "पिक्चर चांगला होता, लिहून घे."

रूममेट तोवर कुणाच्या तरी स्कूटरवर बसून दहाही फॉर्म भरून मोकळी झाली होती. तीन रंगांचे पेन, काही सह्या उजव्या हाताच्या, काही डाव्या. "दे इकडं," ती म्हणाली, "तुह्याही मारून देते दोन मिनिटांत." मी दिले नाहीत. हा काही माझा चांगुलपणा नव्हता. खोटं लिहिलेलं मला लगेच कळतं, असं मॅडम वर्गात म्हणाल्या होत्या, आणि मला त्याची भीती होती.

गावी जायचं म्हणून मी तिथूनच बसस्टँडवर आले. आमचं गाव समुद्रपूरकडे. गाडीला उशीर होता. फलाटावर बघते तर ते अल्लीपूरचे नवरा-बायको, तो नऊ आकड्यांचा मुलगा, पांढऱ्या शर्टातले म्हातारे, आणखी पाच-सहा जण, सगळे बाराच्या खेळाचेच. माझे फॉर्म बॅगेत होते. बायकोचं जिन्यात तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं.

"तिले सगळं मालूम होतं. नवरा रोज नवे जोडे घालून घरी येते अन् बाईले समजत नाई, असं होते का कुठं?"

नवऱ्याचं म्हणणं, ती साधी होती, तो घरी काही सांगतच नव्हता.

"तुमी तरी कुठं सांगता," ती म्हणाली. "मले समजत नाई का?"

यावर तो बराच वेळ गाडीची पाटी वाचत राहिला. मुलाचा संशय पोलीस अधिकाऱ्यावर होता. एवढा इमानदार तर तो दर वेळी उशिराच कसा पोहोचतो? डबा घेऊन बसलेल्या एका गृहस्थांना असले सिनेमे बंदच व्हावेत असं वाटत होतं, आणि तरीही मध्यंतरानंतरचा प्रत्येक प्रसंग त्यांना क्रमाने पाठ होता. कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. मी ऐकत राहिले. बॅगेला हात लावायची मला हिंमत झाली नाही.

गाडीत ते म्हातारे माझ्या शेजारी आले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दर गुरुवारी डोळ्यांच्या दवाखान्यात वर्ध्याला यायचे, त्या दिवशी मात्र नुसते सिनेमासाठी आले होते. सहीची चीड त्यांनी आपणहून सांगितली. नोकरीत असताना एका सोबत्याच्या चौकशीत त्यांनी साक्षीदार म्हणून एका कागदावर सही केली होती. मग दोन वर्षं त्यांनाच तारखांना जावं लागलं. सिनेमाबद्दल, म्हणजे त्यातल्या शेवटच्या एसटीबद्दल, त्यांचं एकच म्हणणं होतं.

"त्या कंडक्टरनं पंच न मारता तिकीट देल्लं. पेटीतून फाडलं अन् देल्लं हातात. तेव्हा चेकिंग आलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. ज्याले एवढं मालूम नाई, त्याचं बाकीचं खरं कसं मानू मी?"

रविवारी सकाळी मी दहाही मतं आठवून लिहिली. बोलली गेली तशीच, निदान मला तरी तसं वाटलं. वर लिहिलं, सह्या मिळाल्या नाहीत.

मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. गठ्ठ्यात सगळ्यात वर रूममेटचे फॉर्म होते, नमुना म्हणून बाजूला काढलेले. माझी पानं त्यांनी पुढे सरकवली. एवढं नेमकं कुणी बोलत नाही, त्या म्हणाल्या. एकच हस्ताक्षर, एकही सही नाही. "मोबाईलमधून काढलंस की मनाने लिहिलंस, तेवढं सांग."

मी तीन पेनांची गोष्ट सांगू शकले असते. सांगितली नाही, आणि का नाही ते मला अजून कळलेलं नाही. मॅडमनी सांगितलं, या दहापैकी एक माणूस पुढच्या गुरुवारी माझ्यासमोर आण, नाहीतर वडिलांना घेऊन ये.

माझे वडील कॉलेजच्या फाटकाच्या आत कधी आलेले नाहीत. प्रवेशाच्या दिवशीसुद्धा माझी पिशवी धरून ते रस्त्यापलीकडे उभे राहिले. आत तू जा, मले काय समजते तिथलं, म्हणाले. ते पहिल्यांदा आत येणार ते मुलीने खोटं लिहिलं हे ऐकायला, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. आठवडाभर मला स्वतःचाच संशय येत राहिला. त्या बाईने जोडे म्हटलं होतं की चपला? की ते वाक्य माझंच?

गुरुवारी मी बसस्टँडवर कंडक्टरकाकांना गाठलं. चौकशी आहे का, हे त्यांनी तीनदा विचारलं. नाही, मला सांगितलं तेच मॅडमना सांगा, एवढंच म्हटलं. ते आले.

स्टाफरूममध्ये मॅडमनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. टेबलावर हजेरीचं रजिस्टर उघडं होतं, त्यावर टोपण काढलेला पेन. मॅडमनी चांगल्या आवाजात विचारलं, सिनेमा कसा वाटला?

काकांनी रजिस्टरकडे पाहिलं.

"पिक्चर चांगला होता."

"आणखी काही?"

"सगळ्यायनं पाहावा असा आहे."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "काकाजी, ते तिकिटाचं सांगा ना," मी म्हटलं.

"कोनतं तिकीट?" ते म्हणाले, आणि सिनेमाबाहेर कागदाकडे पाहिलं होतं तसं माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात तासाची घंटा झाली. मॅडमनी रजिस्टर मिटलं, पेनला टोपण लावलं आणि दोन्ही उचलून कपाटाकडे वळल्या. मला वडिलांची चप्पल फाटकात दिसायला लागली होती. काका दारापर्यंत गेले, थांबले आणि मॅडम कपाट लावेपर्यंत बघत राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या पिक्चरमधल्या कंडक्टरले पंच मारता येत नाई. खोटा मानूस आहे तो. पन हे लिहू नका."

मॅडमनी माझी पानं परत दिली. सह्या का मिळाल्या नाहीत तेही लिहून आण, म्हणाल्या. वडिलांचं नाव पुन्हा निघालं नाही. गुण मात्र मला रूममेटपेक्षा कमीच मिळाले.

काकांना सोडायला मी फाटकापर्यंत गेले.

"लिहिलं तर नाई ना तिनं?"

"नाही."

"मंग तुह्या हातात पेन काऊन आहे?"

पेन हातात आहे हे मलाच माहीत नव्हतं. मी तो बॅगेत टाकला आणि चेन ओढली. त्यांनी ते नीट पाहिलं. मग बसस्टँडच्या दिशेने चालता चालता आवाज खाली आणून म्हणाले, "अजून एक आहे. त्यानं एकच घंटी मारली अन् गाडी निंघाली. एक घंटी म्हनजे थांब असते, बाई. दोन मारल्याशिवाय ड्रायव्हर हालत नाई."