शांग मास्तरांचा जेष्ठमध

गान्सू प्रांतातल्या त्या छोट्या गावात शांग मास्तरांना सगळे जेष्ठमध म्हणत, आणि मास्तरांना तो मान वाटे. आता काय बोलावं! औषधांच्या दुकानात वैद्यांच्या चिठ्ठ्या बघून पुड्या बांधण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. चिठ्ठी कुठल्याही वैद्याची असो, शेवटी जेष्ठमधाचे दोन काप बहुधा पडायचेच. कडू-जहाल औषधांची भांडणं तो मिटवतो, म्हणून जुन्या वैद्यांनी त्याला राज्यातला वडीलधारा म्हटलंय. मास्तरांनी नेमकं तेवढंच उचललं. सासू-सुना भांडत आल्या की सासूला म्हणायचे, "तुमचं बरोबर," सुनेला म्हणायचे, "तुझंही काही चुकत नाही," आणि दोघींच्या हाती गोड चहा द्यायचे. भांडण मिटायचं नाही, पण मास्तरांवर कुणी रागवायचं नाही. त्यांना तेवढंच पुरे होतं.

जेष्ठमधाशी कुठली औषधं जुळत नाहीत, ती यादी त्यांना तोंडपाठ होती. उमेदवारीत छड्या खाऊन पाठ केलेली. त्या यादीत बायकोचं नाव नव्हतं, म्हणून त्यांनी कुइफांगला तो रोज पाजला. सकाळी चहात, दुपारी थर्मासात, खोकला झाला की नासपतीबरोबर शिजवून. दुकानाचे मालक बान यांनी 'रोज प्या, निर्धास्त प्या' अशी सोनेरी अक्षरांची जेष्ठमधाची डबी विकायला काढली, तेव्हापासून तर घरात साधं पाणी दिसेनासं झालं. बान गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या मास्तरांच्या बाईंना बघा. साठीला आल्या, पण गाल कसे भरलेत!"

गाल भरले नव्हते, सुजले होते. पायही सुजले होते. शेवटी जिना चढवेना, तेव्हा कुइफांग एकटीच इस्पितळात गेली. तरुण डॉक्टरीणबाईंनी ब्लड प्रेशर मोजलं, रक्त तपासलं आणि विचारलं, "दिवसभर पिता काय?" उत्तर ऐकून त्या म्हणाल्या, "मावशी, हे आजपासून बंद. पोटॅशियम इतकं उतरलंय की हृदय कधीही दगा देईल."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. मास्तरांनी हनुवटी खाजवली.

"डॉक्टरीणबाई शिकलेल्या आहेत," ते म्हणाले. "पण मालकही तीन पिढ्यांचे औषधवाले."

सकाळी त्यांनी थर्मास अर्धाच भरला. यांचा न्याय हा असा!

कुइफांग तो थर्मास आणि रिपोर्ट घेऊन थेट दुकानात आली. मियाओ भाजीवाली सोनेरी डबी बांधून घेत होती. मालक गल्ल्यावर होते.

"हे बघा, आल्याच," बान खूश होऊन म्हणाले. "विचारा यांनाच."

"मी विचारायला आलेय," कुइफांग म्हणाली. रिपोर्ट तिने तराजूशेजारी ठेवला. "अहो, इथे सगळ्यांसमोर सांगा. मी हे प्यायचं की नाही?"

मास्तरांनी मालकांकडे बघितलं. मालकांचे डोळे बारीक झाले होते.

"तसं बघितलं तर औषध उत्तम आहे," मास्तर म्हणाले. "आणि डॉक्टरीणबाईही काही खोटं बोलत नाहीत. प्रत्येकाची प्रकृती..."

"औषधाचं नाही विचारलं. माझं विचारलंय. मी प्यायचं की नाही?"

मास्तरांनी चिमटीने एक काप उचलला, तराजूत टाकला, पुन्हा काढला. मालकांपुढे एकदा 'नको' म्हणायचं होतं, बस. तेवढं त्या माणसाच्या घशातून निघेना. कीव करावी की कान उपटावेत, सांगा.

कुइफांग मियाओकडे वळली. "बाई, तुझ्या नवऱ्याने काय केलं असतं?"

"माझ्या?" मियाओ म्हणाली. "तो तोंडाचा फाटका. मला शिव्या घातल्या असत्या आणि थर्मास गटारात ओतला असता."

"नशीबवान आहेस गं," कुइफांग म्हणाली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. रिपोर्टाची घडी करून ती स्टँडकडे निघाली, बहिणीच्या गावची बस धरायला.

मास्तर दारापर्यंत आले. तेवढ्यात मालकांनी आतून हाक मारली, आणि मास्तर माघारी फिरले.