एक जूनचे दोघे

मळवली स्टेशनावर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबायची. तेवढ्यात आयने किसनचं मनगट माझ्या हातात दिलं. "धाकला हाय. साधा हाय. हात सोडू नगंस." किसन तेव्हा वीस वर्षांचा, माझ्यापेक्षा बोटभर उंच. तो हसला. "आय, दादा काय मला जत्रंला नेतोय व्हय?" गाडी हलली. खंडाळ्याचा घाट उतरेपर्यंत मी त्याचं मनगट धरून होतो, कारण भीती त्याला नव्हती, मला होती.

कार्ल्याच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखंच गाव सोडून गेलेल्यांनो, पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

आधी शाळेचं सांगतो, नाहीतर बाकीचं कळणार नाही. गावात शाळा आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि किसन पाचाचा. आयने दोघांनाही गुरुजींपुढे उभं केलं. तिचा हिशोब साधा होता: मी भाताच्या लावणीत झालो, मग तीन लावण्या गेल्या आणि झोडणीच्या वेळी खळ्यावर किसन झाला. गुरुजी म्हणाले, "मावशी, लावणी-झोडणी रजिस्टरात बसत नाही. दोघं पहिलीत, दोघं सहा वर्षांचे. एक जून." आय म्हणाली, "अवं गुर्जी, ह्यो थोरला हाय!" "असू दे की. अख्ख्या गावाचा वाढदिवस एक जूनलाच असतो." सगळे हसले. मीही हसलो. तीच तारीख पुढे आमच्या दोघांच्या पासपोर्टावर चढली. आपल्याकडे कुणाला त्यात वावगं वाटलं असतं?

बोटीने समुद्र ओलांडून आम्ही कंपाल्याला पोचलो आणि कापसातून सरकी काढायच्या एका कारखान्यात लागलो. एका खोलीत राहायचो. किसन भाकरी थापायचा, मी भांडी घासायचो. तिथे इंग्रजांचं राज्य होतं, म्हणून आमचे पासपोर्ट ब्रिटिश होते. तो देश स्वतंत्र झाला तेव्हा मी माझा जपून ठेवला. किसन म्हणाला, "जितं राबतो, तितलंच व्हावं माणसानं." त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं आणि जुना पासपोर्ट परत केला. मग बहात्तर साली हुकूम निघाला की आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत चालतं व्हावं. कचेरीतल्या माणसाने किसनचा नागरिकत्वाचा कागद वाचला, फाडला आणि त्याच्याच हातात दिला. त्या क्षणापासून तो कुठल्याच देशाचा उरला नाही. विमानतळाच्या रस्त्यावर शिपाई बंदुका लावून झडती घेत होते. मला लंडनचं विमान मिळालं. ज्यांच्याकडे कागद नव्हते, त्यांना ऑस्ट्रियातल्या निर्वासितांच्या कॅम्पात पाठवलं. त्याचं मनगट मी विमानतळावर सोडलं. पण तो दोष माझा नव्हता. माझा दोष पुढचा आहे.

इंग्लंडात आम्हाला लष्कराच्या जुन्या बराकींत ठेवलं. तिथे एक सॉलिसिटर बाई फुकट काम करायला यायच्या. मी फॉर्मवर लिहिलं होतं: धाकटा भाऊ, तीन वर्षांनी लहान, त्याला माझ्याकडे येऊ द्यावं. बाईंनी माझा पासपोर्ट आणि कॅम्पातून आलेला किसनच्या नोंदीचा कागद शेजारी-शेजारी ठेवले. दोन्हींवर तीच तारीख, तेच साल. त्यांनी मला गुरुजींबद्दल सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "अगदी असंच शपथेवर सांगा. मात्र तुमच्या पासपोर्टातली तारीख चुकीची आहे, हेही तुम्हालाच सांगावं लागेल."

शेजारच्या खाटेवरचा दुकानदार म्हणाला, "भाऊ, तारीख खोटी म्हणालास तर पासपोर्टच खोटा. बसशील तूही कॅम्पात, भावाच्या मांडीला मांडी लावून." तो गंमत करत होता. मी मात्र त्या रात्री पासपोर्ट उशीखाली घेऊन झोपलो.

मुलाखतीला अधिकाऱ्याने दोन्ही कागद माझ्याकडे फिरवले. "तुम्ही जुळे आहात का?" मी म्हणालो, नाही. "मग एकाच आईचे दोघं एकाच दिवशी कसे?" बाई माझ्याकडे बघत होत्या. एवढंच सांगायचं होतं, की साहेब, माझी तारीख गुरुजींनी ठरवली. पण माझ्या तोंडून आलं, "तो सख्खा भाऊ नाही. गावचा आहे."

अधिकाऱ्याने किसनच्या नावावर रेघ मारली. बाईंनी फाईल मिटली.

दीड वर्ष किसन त्या कॅम्पात होता. मग उत्तरेकडच्या एका देशाने त्याला घेतलं. तिथे तो मासळीच्या कारखान्यात आहे. त्याचं पहिलं पत्र आलं: "दादा, तुज्याकडं यायचा अर्ज फेटाळला. नातं शाबीत झालं न्हाई म्हनं. त्यांची कायतरी चूक झाली. तू जिवाला लावून घेऊ नगंस. हितं दुपारीच दिवस मावळतो, लय झोप लागते."

आय दर पत्रात एकच विचारते, "दोगं एका ताटावर बसता ना?" मी सहा वर्षं लिहीत आलो, व्हय.

अजूनही लेटरबॉक्समध्ये सरकारी पाकीट पडलं की मी ते दोन-दोन दिवस फोडत नाही. मागच्या महिन्यात किसनने कळवलं की तो पुन्हा अर्ज करतोय. मी त्याच बाईंकडे गेलो. आता त्या एका दुकानावरच्या खोलीत बसतात. त्यांनी मला ओळखलं. मी विचारलं, "आता खरं सांगून उपयोग होईल?" "सांगता येत नाही. तुमची चौकशी मात्र होऊ शकते." त्यांनी टाइपरायटरवर कागद चढवला आणि विचारलं, "जन्मतारीख?"

मी म्हणालो, "माहीत नाही. लावणीत झालो. किसन झोडणीत. आमची आय सांगेल." त्यांनी ते तसंच्या तसं घातलं. मी खाली सही केली.

पुष्कळ वर्षं मी घर म्हणजे कार्ल्याची ओटी समजत होतो, मग इथल्या नगरपालिकेने भाड्याने दिलेला हा फ्लॅट. आता वाटतं, आमच्यातला थोरला कोण आणि धाकटा कोण, हे कागद न बघता सांगणारी एक म्हातारी जिथे बसली आहे, तेच घर. तिथे तोंड दाखवायचं तर आधी हे लिहायला हवं होतं.

याची एक प्रत किसनला धाडली आहे. दुसरी ज्याच्या हाती पडेल त्याने ती आयला मोठ्याने वाचून दाखवावी. आम्ही एका ताटावर बसत नाही, ही ओळ गाळू नका. आणि ती काय म्हणाली ते जसंच्या तसं मला कळवा. शिव्या दिल्या तर शिव्याही लिहा.