पादुकांवर पडलेली हिरवी उंबरं

मॅट्रिकला दुसऱ्यांदा आपटलो आणि घरात सगळे माझ्याशी फारच हळू बोलायला लागले, तेव्हा मी बंगळूरला मावशीकडे जायचं ठरवलं. सत्तावन्न-अठ्ठावन्नची गोष्ट. मिरजेहून रेल्वेचा तिसरा वर्ग. जाणाऱ्यांनी खिडकीशी बसू नये, इंजिनाचा कोळसा डोळ्यात जातो. आणि अर्सीकेरीला इडली घेतलीत तर आधी चटणी चाखा. मी चाखली नाही, तिपटूरपर्यंत पाणी पीत होतो.

सोमवारी उतरलो. स्टेशनाबाहेर जटकेवाला, म्हणजे तिथला टांगेवाला, चामराजपेटेचे सहा आणे मागतो, चारला येतो. दारात अण्णा उभे होते, मावशीचे यजमान. त्यांचं घराणं तीनशे वर्षं इथलं, त्यामुळे मराठी निम्मी कन्नडात भिजलेली.

"बा रे बा," ते म्हणाले. "स्वल्प लवकर यायला हवं होतंस. तुझी मावशी अंथरुणाला आहे."

मावशी पोटावर हात ठेवून पडली होती. "नापास झालास म्हणे? बरं झालं. पास झाला असतास तर कशाला आला असतास इकडे!"

अपेंडिक्स सुजलं होतं. दुखणं सध्या दबलंय तोवर कापून टाकू, गुरुवारी सकाळी सातला घेऊन या, खाट राखून ठेवतो, असं डॉक्टर म्हणाले होते. पण या घरात मोठी गोष्ट अशी ठरत नाही. मागच्या अंगणात औदुंबर आहे, त्याच्या बुंध्याशी दत्ताच्या पादुका. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. पिकलेलं उंबर आपण होऊन पादुकांवर पडलं तर होकार. हिरवं पडलं तर नकार. अण्णांच्या आजोबांपासून हेच चालत आलेलं. मुदत गुरुवार पहाटेची.

मंगळवारी मी अंगणात बसून पाहिलं. खोडाला उंबरांचे घोस लगडलेले, पण सगळे हिरवे, आणि खाली हिरव्याच उंबरांचा सडा. झाडावर एक पाखरू नव्हतं. आमच्याकडे उंबरावर तांबट, खारी, वटवाघळं, सगळ्यांची भांडणं चालतात. इथे शांत. फांद्यांवर पांढरी भुकटी दिसली.

"डीडीटी," अण्णा म्हणाले. "गेल्या वर्षी प्रसादाच्या फळात किडे निघाले. देवाच्या झाडावर किडे? छे! तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी शिडी लावून मारतो. बघ कसं स्वच्छ आहे."

खरंच स्वच्छ होतं.

बुधवारी लालबाग बघायला गेलो. (पायी जा, सकाळी जा, शेंगदाणे बाहेर घ्या.) खिशात दोन हिरवी उंबरं होती, चाळा म्हणून. एक म्हातारा माळी, निपाणीकडचा, माझं मराठी ऐकून जवळ आला. त्यानं एक उंबर विळ्यानं चिरलं.

"आत फुलं आहेत ही. पण रिकामी. माशी आली नाही."

"किडे नकोच की फळात!"

"अरे शहाण्या, किड्याशिवाय उंबर पिकतंय व्हय? डोळ्याएवढी पण नसते ती माशी, डोळ्याच्या बाहुलीएवढी म्हण. उंबराच्या तोंडाला भोक असतंय, त्यातून आत शिरते, पंख मोडून घेते, फुलं फळवते, अंडी घालते आणि तिथंच मरते. पोरी बाहेर पडतात त्या पराग घेऊन. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. एकीला दुसरीचं घर चालत नाही. झाडानं दार तिच्या मापाचं केलं, तिनं डोकं दाराच्या मापाचं केलं."

"आधी कुणी केलं?"

"दोघांनी, एकमेकाकडं बघत बघत. म्हणून तर इतक्या जाती झाल्या. आणि त्यांच्या जिवावर पाखरं, खारी, वाघळं. माशी मेली की हे सगळं हिरवंच गळतं."

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की अण्णांच्या झाडाला होकार देताच येणार नाही. विचारलं काय आणि न विचारलं काय. हे त्यांना संध्याकाळच्या आत सांगायला हवं होतं. दुपारचे दोन वाजले होते, वेळ भरपूर.

बंगळूरच्या शिवाजीनगरला कशाला गेलो ते आजही सांगता येत नाही. म्हटलं, एक चक्कर मारू, मग घरी. तिथे एका वर्कशॉपमध्ये मिस्त्री लष्कराची जुनी मोटारसायकल जुळवत होता. मी बघत बसलो. ती सुरू झाली तशी तो म्हणाला, "आते क्या भाई? के. आर. पुरम तक देखके आयेंगे." गेलो, पार शहराबाहेर. येताना ती बंद पडली ती पडलीच. त्याच्या मेहुण्याकडे पोटभर जेवून झोपलोसुद्धा.

गुरुवारी दुपारी घरी पोचलो तेव्हा दारात जटका उभा होता. पहाटे पादुकांवर हिरवं पडलं होतं. अण्णांनी इस्पितळात निरोप पाठवला होता, नको म्हणून. दहाच्या सुमाराला आतलं फुटलं. मावशीला उचलून ठेवताना तिचं पोट फळीसारखं लागत होतं. मला बघून म्हणाली, "जेवलास का रे कुठे?"

शनिवारी ती गेली.

चौदाव्या दिवशी अण्णांनी शिडी काढली. "तिला झाड स्वच्छ आवडायचं," म्हणाले, आणि डीडीटीचा डबा शोधायला लागले. डबा माझ्या ट्रंकेत होता.

"अण्णा, राहू दे आता."

"का?"

सांगायचं ते जिभेवर होतं. त्यांच्या हातात शिडी होती आणि डोक्यावरचे केस नुकते उतरवलेले. "वासानं डोकं दुखतं," मी म्हणालो.

"सरी, बरं," ते म्हणाले. "तुझ्यासाठी थांबतो."

परतीच्या गाडीतून तुंगभद्रेच्या पुलावर डबा फेकणार होतो. मग पाण्यातही काही असेल म्हणून नाही फेकला. मिरजेला खड्डा खणून पुरला. आमच्या उंबराजवळ नाही, लांब.

लालबाग बघा, चामराजपेटेत कॉफी प्या, सगळं करा. मला त्या प्रवासातून एक सवय लागली. उंबर फोडलं की माश्या उडून जाईपर्यंत मी थांबतो, फुंकर मारत नाही.

वर्षाच्या आत अण्णांचं पत्र आलं. लिहिलं होतं, झाडावर पाखरं आली आहेत, खाली पाऊल ठेवायला जागा नाही इतकी पिकलेली उंबरं पडतात. काल एक बरोबर पादुकांवर पडलं, लालबुंद.

आणि खाली, "मी काहीच विचारलं नव्हतं रे."