होडीची चावी

माजलगावच्या धरणावर माझी लहानशी शिडाची होडी आहे. वारा पडला की ती इंजिनावर चालवायची. तिच्या गियरचा दांडा जड झाला, तेव्हा केजकडचा एक ट्रॅक्टर मेकॅनिक आला. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. ज्याला स्वतःची बोटं सांभाळता आली नाहीत तो माझं इंजिन काय सांभाळणार, असं मनात आलं आणि मी त्याच्यावर नजर ठेवली.

त्यानं गियरची केबल काढून बाभळीला उभी टांगली. वरच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधून तिच्यात तेल ओतलं आणि निवांत बसला. खालून काळं तेल ठिबकत होतं.

"साफ तेल पडंस्तोवर हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. मला तो वेळ काढतोय असंच वाटलं.

केबल परत जोडून तो गुडघाभर पाण्यात उतरला. मी दांडा हलवायचा आणि त्यानं होडीखालचा इंजिनाचा पंखा हातानं फिरवून बघायचा. दांडा आता अलगद सरकत होता. इंजिन लावून बघावं म्हणून मी हात नेला, तर चावी जागेवर नव्हती.

"चावी कुठं गेली?" मी दरडावलं.

तो बाहेर आला. तीन बोटांच्या हातानं खिशातली चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"पंख्यात हात हुता, साहेब. मळणीयंत्रात हात हुता तवा ट्रॅक्टरची चावी दुसऱ्यापाशी हुती."

मी चावीकडं हात नेला तेव्हा तो पाण्यातच होता, हे मला घरी जाताना आठवलं.