माडीवरून पाहायचं नाही

तोकुजी हानगाई आमच्या घरासमोर टोफू करायचे. पहाटे त्यांच्या दुकानातून वाफ निघायची आणि मागच्या तबेल्यातून घोड्याचं फुरफुरणं ऐकू यायचं. सोयाबीनचं दूध काढून उरलेला चोथा घोड्याच्या वाट्याला. जपानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सोमा भागात अशा घराचं नवल नाही. वर्षभर माणूस मासे विकतो, नळ दुरुस्त करतो, पोस्टात बसतो. आणि देवाचा उत्सव आला की चिलखत चढवून, पाठीला घराण्याचं निशाण बांधून घोड्यावर बसतो. पाहुणे विचारत, "म्हणजे उत्सवात तुम्ही सामुराईचं सोंग घेता?" तोकुजी शांतपणे म्हणत, "नाही. बाकीचं वर्ष टोफूवाल्याचं घेतो."

मिरवणुकीचा एक नियम इथलं शेंबडं पोरही जाणतं. स्वारी वरून पाहायची नाही. देवाची माणसं खालून चालली असताना त्यांच्या डोक्यावर उभं राहायचं नसतं. तोकुजींची सून नात्सुए डोंगरापलीकडून आलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच उत्सवात तिनं हौसेनं माडीची खिडकी उघडली आणि शिरस्त्राणाखालचे सासरे ओळखून हात हलवला. तोकुजींनी भर रस्त्यात घोडा थांबवला.

"कोण आहे ती माडीवर? खाली उतर!"

"असा आवाज लावला," नात्सुए अजून सांगते, "की शेजारच्या कौलांवरचा बोकाही खाली उतरला."

संध्याकाळी चिलखत उतरवून ते स्वतः तिच्यासमोर बसले. म्हणाले, "पोरी, घोड्यावर असताना मी कुणाचा सासरा नसतो. आता आहे. घे, थंड बिअर घे."

त्सुनामीची लाट आली त्या वर्षी तोकुजींचा घोडा गेला. उत्सव छोटा झाला, पण झाला. तोकुजी उसन्या घोड्यावर बसले नाहीत. पूर्ण चिलखतात, पाठीवर निशाण लावून, पायी चालले. मी तेव्हा लहान होते. त्यांच्या डाव्या बाजूला एका घोड्याएवढी जागा सगळ्यांनी मोकळी सोडलेली मला आठवते.

गेल्या हिवाळ्यात त्यांची डावी बाजू लुळी पडली. खाली दुकानात सतत पाणी, निसरडं. म्हणून त्यांचं अंथरूण माडीवर घातलं. नव्या घोड्याची जबाबदारी नातीवर, कोहारूवर आली. ती अजून शाळेत शिकते. तोकुजी तिला घोडा समजून गुंडाळलेल्या गादीवर बसवायचे आणि पडल्या पडल्या ओरडायचे, "पाठ! पाठ बघ स्वतःची! टोफूसुद्धा तुझ्यापेक्षा ताठ उभा राहतो!" यंदा हानगाईंचं निशाण पहिल्यांदा तिच्या पाठीवर लागणार होतं. तेवढं एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

उत्सवाच्या सकाळी मी भाताचे गोळे घेऊन त्यांच्याकडे गेले. मुलगा मासाओमी लगाम धरायला पोरीबरोबर गेलेला. गल्लीतले सगळे धडधाकट पुरुष मिरवणुकीत. नात्सुए खिडकीशी खुर्ची ओढत होती.

"बाबा, पडदा थोडासाच सरकवते. कुणाला दिसणार नाही."

"दिसणार नाही म्हणून करायचं?"

"आजारी माणसाला देव माफ करतो."

"देव करेल. मी नाही करणार. लाव ती खिडकी."

"मग कोहारू दिसणार कशी?"

"नाही दिसली तर नाही दिसली." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

देवळाच्या बाजूनं शंख वाजले. नात्सुएनं एकदा जिन्याकडे पाहिलं. शिडीसारखा उभा जिना. डॉक्टरांनी तो बजावून वर्ज्य केला होता. तिनं बाह्या वर केल्या आणि सासऱ्यांसमोर पाठ करून बसली.

"चला. पाठीवर या."

"तुला झेपणार नाही."

"सोयाबीनची पोती कोण उचलतं या घरात?"

"पोतं वळवळत नाही."

"आणि बोलतही नाही. ते जरा शिका."

मी हात वर धरून त्यांच्यापुढे उलटी उतरू लागले. अर्ध्यावर नात्सुएचा पाय सरकला. कठड्याला गच्च धरून ती तशीच उभी राहिली. तिचा घाम माझ्या मनगटावर पडला. टापा जवळ येत होत्या.

"इथंच जिन्यात ठेव मला," तोकुजी हळूच म्हणाले. "आवाज तरी ऐकतो."

"गप्प बसा, बाबा."

ती उतरली. दुकानाच्या दारात पालथ्या पेटीवर आम्ही त्यांना बसवलं. अंग डावीकडे कलत होतं, तेव्हा नात्सुए मागे गुडघ्यांवर बसली आणि आपला खांदा त्यांच्या पाठीला लावला. समोरून पाहणाऱ्याला एक म्हातारा ताठ बसलेला दिसला असता.

निशाणं आली. निळी, पिवळी, काळी; वाऱ्यानं फडफडणारी. मग कोहारू. मासाओमीनं वडिलांना दारात पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. घोड्यालाही घर कळलं. त्यानं मान वळवली, एक पाऊल आमच्याकडे टाकलं. कोहारूनं लगाम किंचित आवळून त्याला रांगेत आणलं. आजोबा तिला दिसले होते. तिच्या पापण्या भराभर हलल्या, ओठ घट्ट मिटले. पण मान तसूभरही वळली नाही. डोळे समोर ठेवून ती आमच्या दारावरून गेली.

"एकदा तरी बघायचं ना आजोबांकडे," नात्सुए त्यांच्या पाठीमागून म्हणाली. "एवढं उतरवून आणलं."

"बघितलं असतं तर इथूनच ओरडलो असतो," तोकुजी म्हणाले. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांनी चांगला हातसुद्धा उचलला नाही.

मग त्यांनी शेजारच्या मासेवालीकडे पाहिलं. कोहारूला पाळण्यात असल्यापासून ओळखणारी ती बाई. तिला ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ती आत्ता गेली ना, ती हानगाईंची."