रिकाम्या डेटाबेसमधली एक ओळ

या विभागातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगतो, हसायला म्हणूनच वाचायचो. कुणाच्या दाराची कडी आपोआप वाजते, कुणाला ओढ्याकाठी हाक ऐकू येते… खाली मी कॉमेंट टाकायचो — 'भाऊ, कडीला तेल घाला.' पंधरा-वीस लोक हसायचे आणि माझा दिवस चांगला जायचा. वडील फौजेत होते, घरात अंगारे-धुपारे असलं काही चाललंच नाही. पुढं मी इंजिनिअर झालो. कॉम्प्युटरला आपण सांगतो तेच तो करतो, आणि चुकलं तर चूक आपलीच असते, यावर माझा आजही विश्वास आहे. म्हणून तर पंचाईत झाली आहे.

जे घडलं ते भर दिवसा, सांगलीत, ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली घडलं. कुणी पांढऱ्या साडीत आलं नाही. पण ते सांगायचं तर माझ्यामुळं एका माणसाचं नाव कसं खराब झालं, ते आधी सांगावं लागतं. ते सांगायला जीभ रेटत नव्हती.

आमची कंपनी छोटी. विश्रामबागेत, दुसरा मजला, खाली मेडिकल. जत तालुक्यात वस्त्यांना पाण्याचे टँकर जातात. कुठला टँकर कुठल्या वस्तीवर किती वाजता, याचं वेळापत्रक आमच्या सॉफ्टवेअरवर चालतं. ते बनवलं दोघांनी — मी आणि इम्तियाज. दोघेही रहिमतपूरचे, शाळेत एका बाकावरचे, पुढं इंजिनिअरिंग आणि नोकरीही एकत्रच. हुशार तो होता. मी चटपटीत होतो, आणि साहेब लोकांना चटपटीत माणूस लवकर दिसतो.

प्रोग्राममध्ये बदल केला की तो खऱ्या सर्व्हरवर चढवायचा, याला डिप्लॉय म्हणतात. ते करणारी सगळी यंत्रणा — आमचा स्वतःचा क्लाउड प्लॅटफॉर्म म्हणा — इम्तियाजनं एकट्यानं उभी केली होती. त्यात त्यानं एक नियम घातला होता: डिप्लॉय एकट्यानं करायचंच नाही. एकानं बटण दाबायचं, दुसऱ्यानं आपल्या लॅपटॉपवर तपासून 'बघितलं' म्हणायचं, तेव्हाच बदल चढणार. आणि प्रत्येक वेळची नोंद राहणार — कुणी केलं, कुणी बघितलं, वार, वेळ. ही कल्पना त्यानं जतमध्येच उचलली होती. टँकर वस्तीवर रिकामा झाला की खेपेच्या कागदावर ड्रायव्हर सही करतो आणि वस्तीवरचं कुणीतरी, बहुतेक वेळा एखादी बाई, अंगठा देते. दोन्ही असल्याशिवाय खेप धरत नाहीत.

"त्या बाईचा अंगठा लय मोठा हाय गड्या," इम्तियाज म्हणायचा. "आपल्या डिग्रीपरास मोठा." मी त्याला अंगठेबहाद्दर म्हणून चिडवायचो.

त्या शुक्रवारी वस्त्यांच्या यादीची साफसफाई चालली होती. एकच नाव दोनदा आलं असेल तर एक काढून टाकायचं. बदल इम्तियाजच्या लॅपटॉपवर तयार होता. एकच्या सुमाराला तो नमाजला निघाला आणि जाताना म्हणाला, "विन्या, धनगरवस्ती दोन-तीन गावांखाली हाय. त्या येगळ्या हायत का एकच, ते मी आल्यावर ताडून बघू. मग चढवू. घाई न्हाई."

घाई मला होती. लोणंदला चुलत बहिणीचा साखरपुडा, आणि मला गाडी पकडायची होती. त्याचा लॅपटॉप उघडाच होता. आम्ही दोघांनी एकमेकांसमोर लॅपटॉप कधी बंद केलाच नव्हता. मी त्याच्या खुर्चीत बसलो, बटण दाबलं. मग उठून माझ्या खुर्चीत आलो आणि माझ्या लॅपटॉपवरून 'बघितलं' म्हणालो. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बघितलं काहीच नव्हतं.

गाडीतून त्याला फोन केला. "चढवलं रं. मी ताडून बघितलंय सगळं."

"तू बघितलंस न्हवं? मग झालं," तो म्हणाला.

दोन वेगळ्या गावांखालच्या दोन धनगरवस्त्या आमच्या यादीत एक झाल्या. एका वस्तीला पाणी जात राहिलं, दुसरीला चार दिवस टँकर गेलाच नाही. उन्हाळ्यातले चार दिवस. तिथली एक म्हातारी आटलेल्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना घसरली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. ती पुढं अंथरुणातून उठली नाही.

साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "कुणी चढवलं हे?"

मी म्हणालो, "याच्या लॉगिनवरून झालंय."

बघा, वाक्य खोटं नाही. मी आयुष्यात इतकं खरं वाक्य इतक्या हलकटपणे कधी बोललो नव्हतो. इम्तियाज माझ्याकडं बघत होता. पुढचं वाक्य मी बोलेन म्हणून थांबला होता. मी टेबलावरच्या पेनकडं बघत राहिलो. शेवटी तोच म्हणाला, "व्हय साहेब. लॉगिन माझंच हाय."

त्याच संध्याकाळी मी ती नोंद डेटाबेसमधून काढून टाकली. तिच्यात 'केलं' पुढं इम्तियाजचं नाव होतं आणि 'बघितलं' पुढं माझं. शिवाय वेळ एक चाळीस. शुक्रवारी त्या वेळेला इम्तियाज कुठं असतो हे ऑफिसच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. बॅकअपमध्ये होती तीही काढली. मला कुणी विचारलं नाही, कारण विचारणारा माणूस इम्तियाज होता आणि त्याचे सगळे पासवर्ड दुपारीच बंद झाले होते.

दोन दिवसांनी जतला वस्तीवरच्या लोकांसमोर साहेबांनी त्याला उभं केलं आणि नाव घेऊन सांगितलं — हा आमचा माणूस, याचा निष्काळजीपणा, याला आम्ही काढलंय. मी शेजारीच होतो. एक म्हातारा काहीच ऐकून घेत नव्हता, नुसता कानडीत म्हणत होता, "नीरिल्ला… नाल्कु दिन, नीरिल्ला." चार दिवस पाणी नाही. इम्तियाजनं त्याच्यापुढं हात जोडले. माझ्या वाटचे.

सांगलीसारख्या ठिकाणी अशी गोष्ट लपत नाही. त्याला दुसरीकडं कुणी उभं केलं नाही. तो रहिमतपूरला परत गेला. मी टीम लीड झालो.

यानंतर दीड वर्षांनी साहेबांनी प्लॅटफॉर्मची नवी आवृत्ती करायला सांगितली. चालू सर्व्हरवर प्रयोग करता येत नाहीत. त्यासाठी तीच अख्खी यंत्रणा आपल्या लॅपटॉपवर उभी करायची असते, लोकल सेटअप म्हणतात त्याला. सगळं कोरं. खऱ्या सर्व्हरशी संबंध नाही, जुना डेटा नाही. मोडलं तरी पुसून पुन्हा उभं करायचं. मी हे कधी केलं नव्हतं. इम्तियाजनं करायची पद्धत एका फाइलमध्ये लिहून ठेवली होती, ती उघडली. 'पायरी तीन: याला वेळ लागतो, चहा पिऊन ये.' 'पायरी सात: नोंदींचं टेबल उघड. रिकामं दिसलं पाहिजे. रिकामं नसलं तर कायतरी चुकलंय. मला हाक मार.'

सकाळचे अकरा वाजले होते. मी टेबल उघडलं. रिकामं नव्हतं.

एक ओळ होती. शुक्रवार, एक चाळीस. तारीख तीच. 'केलं' पुढं माझं नाव. 'बघितलं' पुढं — कुणी नाही.

पहिल्यांदा वाटलं, जुना बॅकअप कुठून तरी शिरला. मग लक्षात आलं. बॅकअपमध्ये ही ओळ असणंच शक्य नव्हतं. तिथं होती ती खोटी नोंद होती, तीत इम्तियाजचं नाव होतं. ही खरी होती, आणि खरी नोंद कुणी कधी लिहिलीच नव्हती. शिवाय 'बघितलं' रिकामं असलं तर प्लॅटफॉर्म नोंद स्वीकारतच नाही. इम्तियाजनं तो तसाच बनवला होता.

मी सगळं पुसलं. पुन्हा उभं केलं. ओळ होती. डेटाबेसची साठवणच मुळापासून काढून टाकली, नवी केली. ओळ होती. नेटची वायर उपटली, वायफाय बंद केलं, पुन्हा पहिल्यापासून. ओळ होती. प्रोग्रामच्या एकूण एक फाइलीत माझं नाव शोधलं, कुठंच नाही. फाइलीही सगळ्या त्या शुक्रवारच्या कितीतरी आधीच्या.

तिसऱ्या दिवशी ऑफिसनं घेतलेला कोरा लॅपटॉप मी पल्लवीला दिला. पल्लवी आमच्याकडं नुकतीच लागलेली, तिला इम्तियाज कोण तेही माहीत नाही. म्हटलं, तुझ्या हातानं सगळं कर, मी हात लावत नाही. दुपारी तिनं हाक मारली.

"सर, टेबलमध्ये एक नोंद दिसतीय. तुमचं नाव आहे."

"टेस्ट डेटा असेल."

"मग बघितलं कुणी, ते रिकामं कसं?"

"टेस्ट डेटा आहे म्हणालो ना!" मी तिच्यावर ओरडलो. पोरीचा चेहरा उतरला. पण निदान भास मला एकट्याला होत नव्हता, एवढं कळलं.

आता मला राग आला. भीती नाही, राग. म्हटलं, इम्तियाजनंच कुठंतरी काहीतरी पेरून ठेवलंय आणि तिकडं बसून मजा बघतोय. रविवारी सकाळच्या गाडीनं रहिमतपूरला उतरलो.

तो वडिलांच्या दुकानात होता. स्टोव्ह, कुकर, मिक्सर दुरुस्तीचं दुकान. मांडीत कुकरचं झाकण घेऊन बसला होता. मला बघून ना उठला, ना चेहरा बदलला.

"ये. बस की."

"तू काय घालून ठेवलायस त्यात?" मी उभ्या उभ्याच विचारलं.

"कशात?"

मी सांगितलं. तो ऐकता ऐकता थांबला, झाकण खाली ठेवलं. "साठवण काढलीस मुळापासनं?"

"काढली."

"दुसऱ्या मशिनवर बघितलंस?"

"कोऱ्या मशिनवर."

"नेट तोडून?"

"तोडून."

क्षणभर तो जुना इम्तियाज दिसला, शेजारच्या खुर्चीतला. भुवया आवळून विचार करणारा. मग तो विझला. "मग मला न्हाई सांगता यायचं, विन्या. मी त्या दिवसापासनं कॉम्प्युटरला हात लावला न्हाई. लॅपटॉप बी इकला."

ते खरं असल्याचं मला लगेच कळलं. त्याला खोटं बोलता येत नाही, ते खातं आमच्यात पहिल्यापासून माझ्याकडं होतं. माझा राग कुठल्या कुठं गेला आणि खाली जे होतं ते वर आलं. मी त्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत रडलो. चुकलो म्हणालो, माफ कर म्हणालो, काय करू सांग म्हणालो.

त्यानं पुढ्यातलं स्टूल माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाला, "त्या दिवशी साहेबाम्होरं मी मनात धा आकडं मोजलं. म्हटलं, आता बोलंल. आता बोलंल. घरी आल्यावर बी महिनाभर वाट बघितली, आज फोन करंल, उद्या करंल… अब्बांनी लोकांत जायचं सोडलं ते सोडलंच. डोळं मिटताना बी ते मला म्हणले, बेटा, तुझ्या चुकीनं ती बाई पडली, तिच्यासाठी दुआ मागत जा." त्यानं झाकण पुन्हा उचललं. "मी त्यांना बी सांगितलं न्हाई. मला वाटलं, सांगायचं काम तुझं हाय."

"मी काय करू, इम्तियाज?"

"मला कायबी नगं. माझं नाव जिथं घेतलं, तिथं जाऊन तुझं घे. जतला. त्याच माणसांम्होरं."

मी म्हटलं, जातो. पुढच्याच आठवड्यात जातो.

त्याला आठ महिने झाले. साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, मिटलेलं कशाला उकरताय, काम बघा. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी त्यांना विचारलं होतं. जतला अजून गेलेलो नाही. कधी मार्चअखेर, कधी आईचं आजारपण. कारणं चांगली सापडतात मला.

नवी आवृत्ती झाली, वापरातही आली. लोकल सेटअप मी अधूनमधून पुसतो, पुन्हा उभा करतो. ओळ असते. पुण्याच्या एका जाणकार मित्राला दाखवलं, नाव झाकून. तो दोन तास बसला आणि म्हणाला, असं होऊ शकत नाही. तेवढं मलाही माहीत आहे. कुणाकडं काही तांत्रिक कारण असेल तर खाली जरूर लिहा, मी प्रत्येक उत्तर वाचेन. कडीला तेल घाला म्हणालात तरी चालेल.

आणि एक. हे सगळं मोकळ्या मनानं लिहिलंय असं समजू नका. इम्तियाजचं नाव मी बदललंय. विन्या हेही माझं नाव नाही. पाठवायच्या आधी पहिल्यापासून वाचून बघितलं, तर एवढ्या मोठ्या कबुलीत माझं खरं नाव एकदाही आलेलं नाही. ते फक्त त्या एका ओळीत आहे.